शेड हलकी करण्याबाबत

डोंबिवली पूर्व,
९ ऑगस्ट २०२५

प्रिय महेंद्र यास मामाचा सप्रेम जयभीम.

पाठ कशी आहे तुझी? सकाळी उठताना कळ येते असं प्रियांका मागे म्हणाली होती. दिवसभर खुर्चीतलं काम, त्यात तू पुढे वाकून बसतोस. लहानपणी गृहपाठ करतानाही तुझं नाक वहीला टेकायचं. कमरेमागे उशी घेत जा. प्रियांकाची अर्धशिशी कमी झाली का? बेंगळुरूची हवा तिला मानवली असं ऐकून बरं वाटलं. सान्वीचा पुढचा दात पडला म्हणे, फोटोत ओठ मिटून हसते. तिला सांग, मामाआजोबांचे वरचे सगळे गेले तरी ते तोंड भरून हसतात. प्रियांकाच्या बाबांचा गुडघा कसा आहे? त्यांना जिने चढू देऊ नका. आणि इथून कुंडीत घालून नेलेला कढीपत्ता जगला का तेही कळव, तोही घरातलाच.

इकडे मी ठणठणीत. साखर थोडी वर-खाली होते, पण गोळी चुकवत नाही. विहारात वर्षावासाचं वाचन सुरू आहे, रविवारी वाचायला मीच बसतो. तुझी आई बरी आहे. चष्म्याचा नंबर बदलायचाय, एवढंच.

पत्र बघून चकित झाला असशील. काय करणार बाबा, तू फोन उचलत नाहीस, ग्रुप सोडलास, मेसेज केला तर दोन निळ्या खुणा उमटतात आणि गाडी तिथंच थांबते. पत्ता प्रियांकाकडून घेतला, तिला रागावू नकोस.

आता बातमी. मी तुमच्या ठोकळ्यांच्या खेळात नाव घातलं. हस, हस. या वयात मामाला काय सुचलं म्हणशील. सांगतो. फेब्रुवारीतली तुमची ती मीटिंग चालू होती तेव्हा मी वागळे इस्टेटच्या घरी तुझ्या आईच्या शेजारीच बसलो होतो. फोन स्पीकरवर होता. तुम्ही सगळे छिन्नी, शिक्का, लोड असं काय काय म्हणत एकमेकांवर ओरडत होतात, आणि मधेच तू गेलास. ग्रुपमधून गेलास ते ठीक, पण त्या दिवसापासून आईशीही बोलत नाहीस. जे काही विचारायचं ते प्रियांकामार्फत. म्हटलं, ज्या भांडणाने आमचा मुलगा आईशी बोलायचा थांबला, ते भांडण आहे तरी कशाचं, बघावं.

मग गेलो प्रीतमकडे. दुकान तिथंच आहे त्याचं, मोबाइल दुरुस्तीचं, आणि तुम्हा दोघांनी मिळून सुरू केलेलं ते 'खाडीकाठ' नावाचं जग अजून त्याच्याच दुकानातल्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर चालतं. मला वाटलेलं लहान मुलांचा खेळ असेल. बघतो तर ठाण्यापासून कल्याणपर्यंतची सगळी खाडी! कुणी मिठागर केलंय, कुणी माजिवड्याचा नाका उड्डाणपूल व्हायच्या आधीचा केलाय. ना कुणी मारामारी करतंय, ना गुण मिळवतंय. जो तो येतो, चार ठोकळे रचतो, जातो. हे मला फार आवडलं.

प्रीतमने एक जुना टॅब दिला. पहिल्या दिवशी मी सरळ चालत खाडीत गेलो आणि बुडालो. प्रीतम म्हणाला, "मामा, उडी मारायचं बटण दाबा." मी म्हटलं, "अरे, मला उडी मारायचीच नाहीये, मला वर यायचंय." तो म्हणाला, "इथं दोन्ही एकच."

तू तिथं उभ्या केलेल्या आपल्या फाउंड्रीच्या शेडला लागून मी आमचं पॅटर्न शॉप बांधायला घेतलं. तुला माहीत आहे, उभा जन्म फाउंड्रीत लाकडाचे पॅटर्न करण्यात गेला. ज्या वस्तूचं ओतकाम करायचं तिची लाकडी प्रत करायची, ती वाळूत दाबायची, काढून घ्यायची, आणि राहिलेल्या खड्ड्यात लोखंडाचा रस. रस थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न नेहमी थोडा मोठा. हाताला ती सवयच. तर मी प्रत्येक भिंत आकसणं धरून मोठी केली, आणि इथं अर्धा-पाव ठोकळा मिळत नाही म्हणून प्रत्येक वेळी वर चढवून पुरा केला. चारी भिंती झाल्या तेव्हा आमचं शॉप रस्त्यावर आलेलं. हेमा, ती कल्याणची गणिताची शिक्षिका, ती येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, हे काय, अतिक्रमण?" मी कारण सांगितलं. ती इतकी हसली की तिचं खेळातलं माणूस पण जागच्या जागी उड्या मारायला लागलं. "मामा, इथं काहीच आकसत नाही हो!"

मग पाडून परत बांधलं. पाडतानाही मजा आली.

एक शंका. शेडचं करवतीच्या दात्यांसारखं छप्पर तू उताराच्या तयार ठोकळ्यांनी का नाही केलंस? ते तर पेटीत आयते मिळतात. तू छिन्नीने एकेक ठोकळा तासत बसलास. का? टोचून विचारत नाही, खरंच समजून घ्यायचंय. दोन ओळी लिही.

तुझा,
देवराममामा


३० ऑगस्ट

प्रिय महेंद्र,

उत्तर नाही आलं. कामात असशील. पोस्टाचंही सांगता येत नाही.

छपराचं उत्तर मला माझंच मिळालं. प्रीतमच्या मोठ्या कॉम्प्युटरवर बसून परवा तुझ्या शेडमध्ये गेलो. उताराचे तयार ठोकळे मी माझ्या छपराला लावले होते. तुझं छप्पर बघितल्यावर ते उशीच्या जाडीचे दिसायला लागले. खरा पत्रा पातळ असतो. तुझा पातळ आहे. त्याला खालून गंजही आहे.

महेंद्र, आत काय करून ठेवलंयस तू. गेटवर पंचिंगचं घड्याळ. भट्टीजवळची काळी पडलेली भिंत, जिथं तुझे बाबा पाठ टेकून डबा खायचे. आणि कोअर शॉप! तुझी आई जिथं बसायची ती जागा. सान्वीला कधी सांगशील म्हणून लिहून ठेवतो: ओतलेल्या लोखंडात पोकळी हवी असेल, म्हणजे समज नळाचं भोक, तर तिथं आधी वाळूचा गोळा ठेवावा लागतो. त्याला कोअर म्हणतात. तो बायका हाताने साच्यात ठासून करायच्या, ट्रेवर काढायच्या आणि भट्टीत भाजायच्या. तू रॅकवर ट्रे मांडलेस आणि ट्रेमधला एकेक कोअर वेगळा कोरलास. मी खुर्ची पुढे ओढून बघितलं. शेवटच्या ट्रेमधल्या प्रत्येक कोअरच्या टोकाला अंगठ्याचा खळगा! रंगूबाई. कोअर शॉपमध्ये तिची ती खोड होती, ठासून झालं की शेवटी अंगठा दाबायचा. सुपरवायझर ओरडून थकला. तू तिला कधी पाहिलंच नाहीस, तुझ्या जन्माआधी गेली ती. आईने सांगितलेलं तू ऐकून ठेवलंस, आणि मला वाटायचं जेवताना तुझं लक्ष मोबाइलमध्ये असतं.

नंतर मी तेच माझ्या टॅबवरून बघायला गेलो. गेट ओलांडलं आणि चित्र थिजलं. टॅब पोळी भाजता येईल इतका तापला आणि बंद पडला.

प्रीतमला म्हटलं, "समजाव मला."

त्याने काउंटरवर स्क्रू मांडून समजावलं. साधा ठोकळा म्हणजे एक वस्तू. छिन्नीने कोरला की त्याचे शेकडो बारीक तुकडे होतात, आणि प्रत्येक कोरलेला ठोकळा वेगळा, त्यामुळे मोबाइलला प्रत्येकाची आकृती नव्याने आठवावी लागते. "मामा, आख्खा खाडीकाठ एकीकडे आणि महेंद्रची शेड एकीकडे. तराजू शेडकडे झुकेल."

"मग हेमाच्या शिक्क्याने का नाही केलं?"

"तोच तर राडा झाला," म्हणाला.

शिक्का म्हणजे एक भाग बांधायचा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत उचलायचा, हवा तितक्या वेळा उमटवायचा. हेमाने तुला मदत म्हणून छपराचा एक दात, तडा गेलेल्या काचेसकट, उचलून ओळीने उमटवला होता, ते तुला ठाऊकच आहे. तुला हे ठाऊक नसेल की ती चूक पहिल्यांदा तुझ्या आईने पकडली. हेमाने तिला फोटो पाठवला होता. आई म्हणाली, "सगळ्या काचांना एकाच जागी तडा कसा गं? एकच दगड सगळीकडे जाऊन लागला काय?" हेमा अजून ते सांगून हसते, पण तुझं बोलणं लागलं तिला. "तो म्हणाला, हात न लावता बांधणारे तुम्ही," असं मला म्हणाली. मी चहा सांगितला.

आता मुद्द्याचं. १६ नोव्हेंबरला, रविवारी, माजिवड्याला हॉलमध्ये कंपनीच्या जुन्या कामगारांचा मेळावा ठरलाय. कंपनी जाऊन तिथं काचेची ऑफिसं उभी राहिली, तरी माणसं आहेत अजून. प्रीतमच्या मनात आहे की त्या दिवशी सगळ्यांनी आपापल्या मोबाइलवरून तुझ्या शेडमध्ये शिरावं. पण वाळूचे साचे भरणाऱ्या दगडू मोल्डरसारख्यांच्या हातात नातवंडांनी टाकून दिलेले मोबाइल. ते गेटवरच तापतील. म्हणजे एकतर शेड हलकी करायची, नाहीतर त्या दिवशी गेट बंद ठेवायचं. आणि विचारल्याशिवाय कुणाच्या भिंतीला हात लावायचा नाही, हा नियम तूच घातलेला. प्रीतम तो मोडणार नाही. मीही मोडू देणार नाही.

तुझी आई रोज दुपारी मोबाइल घेऊन तुझ्या गेटपर्यंत जाते. गेटवर उभी राहते. मोबाइल गरम झाला की पदराने पुसते आणि ठेवून देते.

कळव.
देवराममामा


२१ सप्टेंबर

प्रिय महेंद्र,

प्रियांकाने फोनवर सांगितलं की पत्रं पोचली, तू वाचलीस, आणि टेबलाच्या खणात ठेवलीस. बस्स, माझं निम्मं काम झालं. सान्वीला दुसरा दात आला हेही कळलं.

आम्ही इकडे प्रयोगशाळा उघडलीय. घाबरू नकोस, तुझ्या शेडला बोट लावलं नाही. खाडीच्या पलीकडे मोकळी जमीन होती, तिथं शिक्क्याने तिची प्रत उमटवली आणि त्या प्रतीवर काय ते करतोय. संध्याकाळी पाच ते सात, प्रीतम, हेमा आणि मी. काय मजा येते सांगू! माझ्या उमेदीच्या काळात हे मिळालं असतं तर मी लाकडाला हात लावला नसता.

पहिली गंमत. मी वाळूचा ढीग बांधत होतो, शेडच्या मागे असायचा तो. प्रीतम म्हणाला, "मामा, आतून कशाला भरताय? वरचं कवच बांधा, आत पोकळ ठेवा, कुणाला दिसतंय." मी म्हटलं, पोकळ ढीग बसतो रे. तो म्हणाला, इथं नाही बसत. पण माझा हात थांबेना, भरला आख्खा. मग हेमाने सहज म्हणून पोकळ ढीग आणि भरीव ढीग दोन्ही मोजले. माझा हलका निघाला! तिघंही एकमेकांच्या तोंडाकडे. शेवटी हेमानेच उलगडलं: मोबाइल फक्त हवेला लागणारी बाजू रंगवतो. पोकळ ढिगाला बाहेरून एक कातडी आणि आतून एक. भरीवला आतली नाहीच. मी म्हटलं, "बघा!" तर प्रीतम म्हणाला, "मामा, तुम्हाला माहीत होतं?" नव्हतं रे. मी उगाच भरला होता. आणि त्यात माझे तीन दिवस गेले, ते हेमाचं शिक्क्याचं यंत्र एका चुटकीत करतं. तेव्हा कोण शहाणा ठरला ते कळेना.

दुसरं म्हणजे छिन्नी. हेमाचं म्हणणं, कोरीव कोअर काढून त्या जागी एक 'तयार तुकडा' करावा. म्हणजे एकच कोअर नीट घडवायचा, पेटीतल्या ठोकळ्यांसारखं त्याचं स्वतःचं एक वाण करायचं, आणि मग तो हवा तिथं ठेवायचा. मोबाइलला एकच आकृती लक्षात ठेवावी लागते, मग ट्रे कितीही असोत. आम्ही करून पाहिलं. माझा टॅब आत शिरला, पुऱ्या शेडभर हिंडला, कोमटसुद्धा झाला नाही.

पण सगळे कोअर एका आईची लेकरं दिसायला लागले. रंगूबाईचा अंगठा गेला.

मी दोन दिवस विचार करत होतो. आमच्या कामातही हेच होतं. पॅटर्नवर वाटेल तितकं बारीक कोरता येतं, पण तो वाळूतून वर खेचताना वाळू ढासळता कामा नये. म्हणून उभ्या बाजूंना थोडा ढाळ द्यायचा, धारदार कोपरे गोल करायचे. ड्रॉइंग ऑफिसचे साहेब ओरडायचे, "माझा कोपरा खाल्लास!" मी म्हणायचो, साहेब, कोपरा ठेवतो, पण मग वाळूत काय उरेल ते तुम्ही बघा. आणि एखादी नक्षी अगदी सोडवतच नसेल, तर ती अलग तुकडा म्हणून करायचो. पॅटर्न आधी निघायचा, तो तुकडा मागून हळूच बाजूने काढायचा. सगळी नक्षी अशी करत बसलो असतो तर कंपनीला टाळं लागलं असतं. पण एखादी करायचो. कुठली, ते ज्याचं काम त्याने ठरवायचं.

काल मी तुझ्या आईला म्हटलं, "मंजुळा, चल, प्रतीत फिरवून आणतो. हलकी आहे, तुझा मोबाइल चालेल."

ती म्हणाली, "ती कुणी बांधली?"

"महेंद्रचीच आहे, नक्कल केलीय."

"मग नको. पोराने बांधलीय त्यात जाईन."

"अगं, तीच आहे."

"तीच असती तर तू नक्कल का म्हणाला असतास, दादा?"

मी टॅब पिशवीत घातला.

आता एक लिहितो, जे लिहू नकोस असं तिने बजावलंय. नंबर बदलायचाय असं मी पहिल्या पत्रात लिहिलं ते खरं नाही. तिला काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, कडेचं जातंय, नळीतून बघावं तसं. ठाण्याचे डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही, आहे ते थेंबांनी राखू. थेंब मी आणतो, ती घालते, काळजी घेतली जातेय. तू धावत ये असं माझं म्हणणं नाही. पण ती गेटवर मोबाइल डोळ्याजवळ धरून काय बघते हे तुला कळावं.

आणि मीटिंगमध्ये ती काय बोलली तेही. तू ऐकलंस ते एवढंच, की "हलकी करा." मी शेजारी होतो. "मला दारातच अडकायला होतं, हलकी करा रे, मला आत जायचंय," हे तिचं पुरं वाक्य. "हलकी करा"नंतर तुझ्याकडचा आवाज तुटला, बाकीचं त्या गोंगाटात आम्ही दोघांनीच ऐकलं.

उत्तराची घाई नाही म्हणणार होतो. पण आहे.

देवराममामा


१९ ऑक्टोबर

प्रिय महेंद्र,

आज थोडंच लिहितो, दिवाळीची साफसफाई चालू आहे, शेजारचे लोक माझ्या दाराशी पाणी सोडतायत.

काल दुपारी मी सहज शेडच्या बाजूने गेलो. तुझ्या, प्रतीच्या नव्हे. छप्पर बदललेलं. उताराचे तयार ठोकळे, उशीसारखे जाड. मी थबकलो. गेटमधून आत डोकावलो, टॅब थिजला नाही. भिंतींमागची पोकळी भरून टाकलेली. मी चालत कोअर शॉपपर्यंत पोचलो आणि वर पाहिलं. आईच्या बाकड्याच्या बरोबर वरचा एकच दात जुना होता. पातळ पत्रा, गंज, आणि काचेला तडा, एकाच.

प्रीतमला सांगितलं. तो म्हणाला, "कोण आलं होतं ते कॉम्प्युटरमध्ये नोंद असते, बघू?" मी म्हटलं, "नको बघूस. येणाऱ्याला चहा विचारतात, नाव नाही." त्याने नोंद उघडली नाही, पण त्या दिवशी कुणाच्याही मोबाइलचे पैसे नीट लावत नव्हता इतका खुशीत होता. हेमा शेडसमोर जाऊन त्या छपराकडे बघत उभी राहिली आणि एक तयार उतार तिरका बसला होता तो तिला दिसला. तिने हात लावला नाही. मला म्हणाली, "त्याला सांगा, तिसरा दात एक घर खाली गेलाय. शिक्क्यानेच उमटवलेलं दिसतंय साहेबांनी!"

निरोप पोचवला.

ट्रे मात्र अजून जसेच्या तसे आहेत. तिथं आलं की टॅब परत धापा टाकतो. एकच ट्रे कोरीव राहू शकेल, बाकी तयार तुकड्यांचे, असं हेमाचं गणित. कुठला ठेवायचा हे मी मंजुळाला विचारलं. मला वाटलं स्वतःचा म्हणेल. ती शेंगा निवडत होती. म्हणाली, "मला कशाला विचारतोस? त्याला माहीत आहे."

तर तुला माहीत आहे म्हणे.

देवराममामा


१७ नोव्हेंबर

प्रिय महेंद्र,

कालचा मेळावा झाला. आज सकाळी विहारात जाऊन आलो आणि लिहायला बसलोय, नाहीतर मनातून उडून जाईल.

हॉल भरलेला. सगळी पांढऱ्या केसांची मंडळी, आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल, आणि प्रत्येकजण शेजाऱ्याला विचारतोय, "तू कुठाय?" "मी गेटवर." "मी पण गेटवर, मग दिसत का नाहीस?" "अरे, माझ्या डोक्यावर उभा आहेस तू." प्रीतम आणि हेमा इकडून तिकडे धावत होते. सगळ्यात मोठी अडचण कुणाची झाली असेल तर दगडूची. तो पंचिंगच्या घड्याळापुढून हलेच ना. मागे लाइन लागली. प्रीतम म्हणाला, "काका, ते नुसतं शोभेचं आहे, पुढे चला." दगडू म्हणाला, "आधी पंच होऊ दे. उगाच अर्धा दिवस कापतील." मग सगळ्यांनीच तिथं थांबून पंच करायला सुरुवात केली. तुझ्या घड्याळात काही होत नाही, तरी एकेकजण त्यावर बोट आपटून पुढे गेला.

तुझी आई सगळ्यात शेवटी गेली. मी तिच्या शेजारी खुर्चीत होतो, माझा टॅब बंद करून. तिने मोबाइल डोळ्याजवळ धरला. गेट. अंगण. भट्टी. काळ्या भिंतीपाशी थोडी थांबली. मग कोअर शॉपमध्ये शिरली. मोबाइल गरम झाला का म्हणून मी हात लावून पाहिला. तिने माझा हात झटकला.

रॅकपाशी गेली. सगळे ट्रे एकसारखे, गुळगुळीत. मी पाहत होतो. तू काय ठेवलंस ते मलाही ठाऊक नव्हतं, मी मुद्दाम आधी जाऊन बघितलं नव्हतं. ती एकेक ट्रे बघत शेवटच्यापाशी आली आणि थांबली. अंगठ्याचे खळगे.

"रंगूबाई," म्हणाली. मग हॉलमध्ये मोठ्याने, "अगं बायांनो, रंगूबाईचा ट्रे ठेवलाय पोराने! या, बघा!" सगळ्या जुन्या कोअर शॉपवाल्या तिच्या खुर्चीभोवती जमल्या. स्वतःच्या मोबाइलमध्ये दिसत असूनही सगळ्या तिच्याच मोबाइलमध्ये वाकून बघत होत्या. रंगूबाईचा एकही फोटो कुणाकडे नाही, महेंद्र. एक जण म्हणाली, हा फोटोच की.

नंतर आई भाजायच्या भट्टीकडे वळली. दाराला बोट लावलं. दार उघडलं. आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"दादा, दार चुकलंय."

"काय चुकलं?"

"असं उघडत नव्हतं ते."

मला नाही सांगता आलं. मी पॅटर्न शॉपचा, त्या भट्टीचं दार मी जन्मात उघडलेलं नाही. प्रीतमने ऐकलं, तो लगेच म्हणाला, "मावशी, कसं होतं सांगा, दोन मिनिटांत बदलतो." तिने मोबाइल पोटाशी धरला.

"तू नाही. विचारल्याशिवाय कुणाच्या भिंतीला हात लावायचा नाही, नियम आहे ना तुमचा?"

"मग मामा लिहितील महेंद्रला."

"दादा पण नाही लिहिणार. कसं उघडायचं ते हाताने दाखवावं लागतं. ज्याने बांधलं त्यालाच दाखवीन."

परत येताना रिक्षात तिने मला हाताने दाखवलं ते. आधी कोपर, मग खांदा, मग काहीतरी पायाने. रिक्षावाला आरशातून बघत होता. मला समजलं असं वाटतंय, पण लिहिणार नाही, शब्द दिलाय. तू शंभर तऱ्हांनी लावून बघशील, तरी ते तुला जमणार नाही एवढं मात्र सांगून ठेवतो.

आता रोज दुपारी ती गेटवर थांबणार नाही. सरळ आत जाईल, भट्टीचं दार उघडेल, "चुकलंय" म्हणेल आणि बंद करेल. मग थेंब घालेल.

सान्वीला गोड पापा. प्रियांकाच्या बाबांना नमस्कार. कढीपत्त्याचं तू अजून कळवलं नाहीस. मला चार ओळी लवकर लिही, आणि त्याआधी तिला फोन कर. व्हिडिओचा कर, म्हणजे हात दिसेल.

तुझा,
देवराममामा